अवीची तिवरं

अवी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बहारीनच्या हूरा भागातल्या दुकानात भाजी निवडत होतो. सुनंदावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे उठत नाहीयेत..." हातातली भाजी तिथेच टाकून धावलो. काही उपयोग झाला नाही. आता महिना होत आला, तरी मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची माझी सवय जात नाही.

आम्ही दोघे मुंबईचे, इथे बहारीनमध्ये एकाच कंपनीत इंजिनियर. समुद्रात भराव टाकून जमीन तयार करायची, हे आमचं काम. तिच्यावर घरं उभी राहिली, आम्ही पार्ट्या केल्या. मग एका सुट्टीत अवी भरावाच्या कडेला गळ टाकून बसला, दिवसभरात काही लागलं नाही, आणि याच्या डोक्यात किडा शिरला. "अरे, आपण बुजवलं ते नुसतं पाणी नव्हतं. माशांची बाळंतिणीची खोली होती ती." तेव्हापासून रीतसर परवानगी काढून हा गृहस्थ दर शुक्रवारी तुबलीच्या खाडीत तिवरं लावायला जायचा. तिवरांच्या मुळांत मासळीची पिल्लं लपतात, वाढतात, मग समुद्रात जातात. अर्धी रोपं उन्हाने करपायची, हा पुन्हा लावायचा. मी वैतागून म्हणायचो, "अवी, खलास कर आता. पन्नाशी उलटली." तो हसायचा. "पिल्लं दिसू देत, मग खलास." शेवटी शेवटी रोपं चांगली वीतभर झाली होती. पाणी मात्र रिकामंच राहिलं... पिल्लं काही त्याला दिसली नाहीत.

अस्थी नाशिकला न्यायच्या होत्या. पण त्यातल्या मूठभर त्याच्या तिवरांत सोडाव्यात असं कुणीतरी सुचवलं आणि आम्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. अस्थी वाहत्या पाण्यातच सोडायच्या, म्हणून सकाळची भरती गाठली. गढूळ पाणी गुडघ्यापर्यंत होतं. मध्ये वहिनी, भोवती आम्ही वीसेक माणसं, आणि प्रत्येकाला पुढे होऊन फूल वाहायचं होतं. पायाखाली काय आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही. आम्ही इंजिनियर म्हणवणारे होतो, आमच्याही नाही.

बाकीचे पांगले. वहिनींना तिथेच बसायचं होतं, म्हणून मी थांबलो. दुपारी पाणी ओसरलं तेव्हा रोपं मोडून चिखलात रुतलेली दिसली. एकही धड उभं नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार? तेवढ्यात वहिनी वाकल्या. "भाऊजी, हे बघा..." आमच्या पावलांच्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं आणि त्यात नखाएवढी पिल्लं तडफडत होती. इतकी वर्षं अवी ज्यांची वाट बघत होता, ती आली होती.

उन्हाने खड्डे आटत चालले होते. वहिनींनी ओंजळीत पिल्लं उचलली आणि चिखल तुडवत पाण्याकडे धावत सुटल्या. समुद्र फार लांब गेला होता. मधेच त्या वळून माझ्याकडे बघत ओरडल्या, "ह्यांना हाक मारा ना, भाऊजी! ह्यांना सांगा, आली म्हणून..."

त्यांच्या ओंजळीतलं पाणी वाटेतच गळून गेलं.