आधी घंटी, मग लाईट

रायपूरच्या आमच्या गुढियारीत पावसाळ्यात लाईट गेली की सगळी गल्ली बिजली ऑफिसच्या नावानं बोटं मोडते. एकटी माझी आई मोडत नाही. लाईट गेली की तिचा जीव भांड्यात पडतो. ती निवांत कणिक मळायला घेते, दारात उभी राहून शेजारणीशी दोन शब्द बोलते. आणि लाईट आली, पोरं ‘आ गई, आ गई’ करत नाचू लागली, की हिच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. हातातलं काम टाकून ती मोबाईलकडे बघत उभी राहते. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या बायकांना वाटतं, या रामटेकेबाईचं डोकं जरा फिरलेलं आहे.

डोकं फिरलेलं नाही. माझे बाबा, हिरालाल रामटेके, लाईनमन आहेत. लाईट गेलेली असते तेव्हा ते खांबावर असतात, आणि तार मेलेली असते म्हणून ते जिवंत असतात. माझ्या आईला, माया रामटेके यांना, एवढंच गणित येतं, पण ते पक्कं येतं.

बारा वर्षांपूर्वी, मी आठवीत असताना, बाबांचे सोबती श्यामकांतकाका अशाच झडीत गेले. कामाची पद्धत अशी की खांबावर चढण्याआधी लाईनमन सबस्टेशनातून परमिट घेतो. म्हणजे तो स्वतः ‘उतरलो’ असं कळवत नाही तोवर ती लाईन कोणी चालू करायची नाही. त्या दिवशी कुणीतरी कुणाचं तरी चुकीचं ऐकलं, आणि काका वर असतानाच लाईन चालू झाली. काकांच्या घरी लाईट आली तेव्हा काकू खूश होऊन मिक्सर लावायला उठल्या होत्या. मातीच्या दिवशी त्यांनी स्वतः हे आईला सांगितलं, आणि परत परत सांगितलं.

घरी आल्यावर आईनं बाबांसमोर नियम मांडला. आधी घंटी, मग लाईट. बाबांनी खांबावरून उतरून आधी आईला मिस कॉल द्यायचा, एकच घंटी, आणि मगच परमिट परत करायचं. आईनं आपल्या बाजूनंही एक गोष्ट कबूल केली. ते ड्यूटीवर असताना आपण कधीही फोन करायचा नाही. ओल्या शिडीवर खिशातला फोन वाजला तर माणूस दचकतो, हे तिला न सांगता कळत होतं. बाबा चारचौघांत हसायचे, म्हणायचे, मोठ्या साहेबापेक्षा घरचा साहेब कडक आहे. पण घंटी एकदाही चुकवली नाही.

बाहेरगावच्या लोकांना रायपूर म्हटलं की ऊन आठवतं. त्यांनी ऑगस्टात इथं आठवडाभर राहून दाखवावं. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. सकाळी अकराला ट्यूबलाईट लावल्याशिवाय तांदळातला खडा सापडत नाही. जवळच्या उरला भागातल्या कारखान्यांची काजळी पावसात मिसळून येते आणि बाहेर राहिलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काळे ठिपके पाडते, म्हणून घरात दोरी, दोरीवर ओले कपडे, आणि त्यांच्याखालून वाकून चालणारे आम्ही. भिंती पाणी पितात. मागच्या वर्षी स्वयंपाकघराच्या भिंतीला हात टेकला तर मला झिणझिण्या आल्या होत्या. तेव्हापासून पावसाळ्यात घरातही रबरी चपला आणि बटण दाबायला लाकडी लाटणं. पाहुणे हसतात. हसू देत. लाटण्यानं लाईट लावणारं घर अख्ख्या रायपुरात आमचंच असेल.

आई आभाळही तसंच वाचते. पांढऱ्या ढगांना ती भाव देत नाही. करडं आभाळ खाली बसायला लागलं, की सकाळची वंदना झाल्यावर ती खिडकीशी उभी राहते आणि कोणाशी बोलत नाही. ही भीती मला आईकडूनच आली, नाक तिच्यासारखं आलं तशी. ब्राह्मणपाऱ्यात एका वकिलाच्या ऑफिसात मी टायपिंग करते. तिथला दिवा नुसता लुकलुकला तरी माझी बोटं थांबतात. वकीलसाहेब विचारतात, क्या हुआ दीक्षा? मी म्हणते, कुछ नहीं सर.

यंदा माझ्या भावानं, यशदीपनं, इन्व्हर्टर आणला. तो बीरगांवला कारखान्यात आहे, शिफ्ट करून आला की त्याला झोप पाहिजे आणि झोपेला पंखा. बाबांना मात्र हा अपमान वाटला. “लाईनमनच्या घरी इन्व्हर्टर? लोकं हासतीन मले,” म्हणाले. यशदीप मराठी समजतो सगळं, पण उत्तर हिंदीतच देतो. तो म्हणाला, पापा, दो घंटे हवा तो मिलेगी। मेकॅनिक शनिवारी संध्याकाळी बसवून गेला आणि सांगून गेला, रात्रभर चार्ज होऊ द्या, बटण उद्या दाबा.

तो उद्या म्हणजे झडीचा चौथा दिवस. रविवार होता, बाबा पहाटेच ड्यूटीवर गेले होते, यशदीप शिफ्टला. साडेदहाच्या सुमारास मोठ्ठा कडकडाट झाला आणि लाईट गेली. आईनं सुस्कारा सोडला आणि भात टाकायला आत गेली. मला घामानं नको झालं होतं. मी लाटणं घेतलं, इन्व्हर्टरचं बटण दाबलं, पंखा फिरला, आणि मी मागच्या न्हाणीत केस धुवायला गेले.

मी एवढंच केलं. आईला सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं, असं वाटलं. आज माझ्या हातात असतं तर मी ते एक वाक्य सांगायला गोंदियाहून रायपूरला चालत आले असते.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली तर ट्यूब लागलेली होती, पंखा फिरत होता, आणि घंटी आलेली नव्हती. ज्या घरात बारा वर्षं लाईटचा अर्थ एकच होता, त्या घरातल्या बाईनं दुसरा कोणता अर्थ लावायचा? तिच्या डोळ्यांपुढे श्यामकांतकाका आले असणार. तिनं बाबांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. तिनं परत लावला. नंतर मी तिच्या मोबाईलमध्ये पाहिलं, चार मिनिटांत सात फोन होते.

मी डोक्याला पंचा गुंडाळून बाहेर आले तेव्हा ती खोलीच्या मधोमध उभी होती, भिंतीला न टेकता, फोन कानाला लावून. “उचला ना जी,” म्हणत होती, “उचला ना.”

मी म्हटलं, “आई, थे इन्व्हर्टर आहे. मी लावलं.”

तिला ते पोचायला वेळ लागला. मग तिनं फोन कानावरून खाली घेतला. “मंग मी फोन काहून केला?” ती म्हणाली. हे ती मला विचारत नव्हती. पुढचं काय ते आम्हा दोघींनाही एकदमच समजलं. लाईन बंद होती. बाबा वर होते. आणि फोन वाजत होता.

दहा मिनिटांनी फोन आला तो बाबांचा नव्हता. त्यांच्या जोडीला काम करणारा लोकेश बोलत होता. बाबांच्याच वयाचा, शांत माणूस, पण आज भरभर बोलत होता. भैया शिडीवरून पडले, म्हणाला, होश में हैं, आप लोग घबराना मत। आई चपला शोधू लागली. चपला तिच्या पायातच होत्या.

बाबांची उजवी टाच मोडली होती. दवाखान्यात प्लास्टर ओलं असताना त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला त्यांच्याकडे बघवेना. पहिली घंटी वाजली तेव्हाच ते चरकले होते. बारा वर्षांत ड्यूटीवर घरच्या नंबराची घंटी कधी वाजली नव्हती, आज वाजतो म्हणजे घरात कोणीतरी ओल्या भिंतीला चिकटलं. दीक्षाच असेल, असं त्यांना वाटलं; लाईन बंद म्हणजे घरातही करंट नाही, हे त्या क्षणी सुचलंच नाही. ते कमरेचा सेफ्टी पट्टा सोडून घाईनं उतरू लागले, आणि जमीन आठ फूट राहिली असताना चिखलाचा बूट पायरीवरून सटकला. “लाईन चालू असती तं वाचलो नसतो,” म्हणाले, “पन लाईनची भीती नाही वाटली मले. घराची वाटली.”

आई त्यांच्या उशाशी बसून होती. माझ्यावर ती तेव्हाही रागावली नाही, नंतरही नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून बाबा घरी खाटेवर आहेत, आणि पाऊस काही थांबायचं नाव घेत नाही. त्यांच्या जागी खांबावर लोकेश चढतो. काल दुपारी आभाळ पार अंधारून आलं आणि लाईट गेली. इन्व्हर्टर आपोआप चालू झाला. बाबा म्हणाले, “बंद कर थे.” मी लाटण्यानं बटण बंद केलं. मग त्यांनी लोकेशला फोन करायला मोबाईल उचलला, नंबरावर बोट नेलं आणि तसाच खाली ठेवला. लोकेशनं त्यांना सकाळीच शब्द दिला होता, उतरल्यावर घंटी देईन.

आम्ही तिघं घामेजून बसलो. बाबांनी पाणी मागितलं आणि पेला हातात धरून ठेवला. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की घंटी आली तरी ऐकू येणार नाही म्हणून त्यांनी मोबाईल छातीवर ठेवला. दर पाच मिनिटांनी वेळ बघत. एकदा विचारलं, एवढा वेळ काहून लागून राहिला? चाळीस मिनिटं माझ्या बाबांनी, बावीस वर्षं खांब चढलेल्या माणसानं, हातातल्या पाण्याचा घोट घेतला नाही.

मग घंटी आली. एकच. थोड्या वेळानं पंखा फिरला आणि गल्लीत पोरं ओरडली. बाबांनी डोळे मिटून घेतले, पाणी प्यायले, आणि आईकडे वळले.

“बारा साल तू असीच बसत होती काय वं?” त्यांनी विचारलं.

आईनं त्यांच्या हातातला पेला घेतला.

“आज तं खांबावर लोकेश होता जी,” ती म्हणाली. “तुमी नव्हते.”