दोघांचं नाव घेणाऱ्या सगुणाबाई

सगुणाबाई दार उघडं ठेवून लिहायच्या. आज कुणाला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळी ठाण्यात आमच्या आळीत चार बायकांना अक्षरओळख होती आणि चौघीही पुस्तक सुपाखाली लपवून वाचायच्या. मी त्या चौघींतली एक. चाहूल लागली की पुस्तकावर सूप ओढायचं आणि तांदूळ निवडायला लागायचं. आमच्या घरचे तांदूळ इतके स्वच्छ त्याआधी कधी नव्हते आणि पुढेही कधी झाले नाहीत. आणि या बाई भर दुपारी ओटीवर पाट टाकून बसायच्या, मांडीवर फळी, शेजारी दौत, तोंड रस्त्याकडे. येणारेजाणारे थबकायचे. कुणी फारच रेंगाळलं तर वर न बघता म्हणायच्या, "उभे राहा हवं तर, पण उजेड सोडा."

आमचं घर टेंभी नाक्याच्या अलीकडे. आमचे हे कोर्टात कारकून होते. शेजारच्या घरात भास्करराव मास्तर बिऱ्हाड घेऊन आले तेव्हा मी सतरा-अठराची असेन, सगुणाबाई चोविसाच्या. दोन दिवसांत आळीभर झालं की हा पुनर्विवाह आहे. नवव्या वर्षी मुलगी कल्याणला दिली होती, दहाव्या वर्षी नवरा गेला. पुढे भावाकडे राहून लिहायला-वाचायला शिकली आणि विसाव्या वर्षी मास्तरांशी लग्न केलं. झालं! आळीनं विस्तव द्यायचा बंद केला, विरजण द्यायचं बंद केलं. विहिरीवर त्या आल्या की बायका कळशा उचलून बाजूला व्हायच्या. मीही व्हायची. आता लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू?

सगुणाबाई मात्र खाली मान घालून गेल्या नाहीत कधी. कुणी टोचून बोललं की शांतपणे विचारायच्या, "पुन्हा सांगा बरं, नीट ऐकू आलं नाही." एकदा बोललेलं वाईट पुन्हा त्याच तोंडानं, त्याच आवाजात बोलून बघा. नाही जमत. निम्म्या बायका तिथेच गप्प झाल्या.

आमच्या सासूबाई मोठ्या कडक. पण त्यांची लेक, म्हणजे माझी नणंद, साताऱ्याकडे दिली होती आणि तिचं पत्र यायचं ते भर दुपारी. हे कोर्टातून येईपर्यंत सासूबाईंचा जीव थाऱ्यावर नसायचा. मला वाचता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि सांगायची माझी छाती नव्हती. शेवटी एके दिवशी त्या पत्र घेऊन कुंपणाशी गेल्या, ते लांबूनच सगुणाबाईंच्या ओटीवर टाकलं आणि आभाळाकडे बघत म्हणाल्या की कुणाला वाचायचं असेल तर वाचावं. सगुणाबाईंनी वाचलं. दोनदा वाचलं. नणंदेला दिवस गेल्याची बातमी होती. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली आणि त्या विसरल्या आपण कुणाच्या कुंपणाशी उभ्या आहोत ते. पुढे दर पत्राला कुंपण थोडं थोडं जवळ आलं. त्या वर्षी चैत्रातल्या हळदीकुंकवाला सासूबाईंनी मला फर्मावलं, "तिला बोलाव. माझ्या लेकीची खुशाली जिच्या तोंडून ऐकते, तिला कुंकू लावायला माझे हात झिजत नाहीत."

त्या आल्या. साधं हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. बायका अंग चोरून बसल्या. पन्हं झालं, कैरीची डाळ वाढायला घेतली, आणि आळीतल्या वकिलीणबाईंना अवदसा आठवली. नाव घेण्याचा आग्रह सुरू झाला होता. एकेकीचं झालं, मग त्या गोड आवाजात म्हणाल्या, आता सगुणाबाईंनी घ्यावं, पण कुणाचं घेणार ते आधी सांगावं. दोनचार जणी पदराआड हसल्या. सगुणाबाई उठल्या, गौरीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"कल्याणच्या अंगणात नारायणरावांनी लावली तुळस,
ठाण्याच्या घरावर भास्कररावांचा कळस."

गेलेल्या नवऱ्याचं नाव, आणि तेही हळदीकुंकवात, गौरीपुढे! त्या परत येऊन जागेवर बसल्या, पदर सावरला आणि वकिलीणबाईंना म्हणाल्या की ओळखीची दोन्ही माणसं आहेत, एकाचं गाळून कसं चालेल? वकिलीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेवटी आमच्या सासूबाईंनीच कोंडी फोडली. मला म्हणाल्या, "बघत काय उभी राहिलीस? डाळ वाढ."

सगुणाबाई ओटीवर बसून लिहायच्या ते काय, हे मला त्यानंतर कळलं. त्या स्वतःचीच हकिगत लिहीत होत्या. भास्कररावांचे मुंबईचे सुधारक मित्र ती छापायला एका पायावर तयार होते. पण त्यांनी पहिली पानं वाचली आणि त्यांची तोंडं उतरली. त्यांना हवं होतं की कल्याणच्या सासरी या मुलीचे हालहाल झाले. सासू राक्षसीण, नवरा रोगट. वाचणाऱ्याचं रक्त खवळलं पाहिजे. आणि या बाईंनी लिहिलं होतं काय? की नारायण तेरा वर्षांचा होता, सागरगोट्यांत लबाडी करायचा, अंगणात तुळस लावून मला रोज पाणी घालायला लावायचा, धोतराच्या सोग्यात बोरं लपवून आणायचा आणि आईला सांगू नकोस म्हणायचा. की तो तापानं गेला तेव्हा सासू राधाबाई न्हाव्याच्या आणि माझ्या मध्ये उभ्या राहिल्या, माझ्या केसांना हात लावू दिला नाही, आणि पुढे स्वतः मला भावाच्या घरी पोचवून म्हणाल्या, हिला शिकव. मुंबईकरांनी निरोप धाडला की हे प्रकरण गाळा, बाकीचं छापतो.

मला वाटलं होतं भास्करराव बायकोच्या बाजूनं उभे राहतील. कसलं काय! जाती-गोतीला न जुमानता विधवेशी लग्न लावणारा हा धीट माणूस, पण हळदीकुंकवातलं नाव घेणं त्यांना झोंबलं होतं. शाळेतले लोक तोंडावर हसत म्हणे. मधली भिंत कुडाची, त्यामुळे त्यांचं भांडण मला सगळं ऐकू आलं. मी काही कानांत बोळे घातले नाहीत. ते म्हणत होते की आता त्या मुलाची आठवण कशाला, तो एक अपघात होता, संपला. सगुणाबाईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, "विधवेशी लग्न केलंत म्हणून सभेत तुमचा सत्कार झाला. ती विधवा कुणाची होती, हे एकदा तरी विचारलंत मला?"

दुसऱ्या दिवशी मी कुंपणाशी गेले तर त्या कागदांना दोरा घालत होत्या. म्हणाल्या की एक तर दोन्ही लग्नं छापली जातील, नाहीतर एकही नाही. मी विचारलं, मग अडलं कुठे? तेव्हा प्रथमच त्यांचा चेहरा पडलेला पाहिला. त्या म्हणाल्या की मास्तरांना मी सांभाळीन, मुंबईकर गेले उडत, पण मुलगा राधाबाईंचा आहे. त्यांनी नको म्हटलं तर ही पानं मी माझ्या हातानं चुलीत घालीन. आणि राधाबाईंनी तर दुसऱ्या लग्नानंतर निरोप पाठवला होता की पुन्हा तोंड दाखवू नकोस.

जायचं कसं? उपाय सासूबाईंनी काढला. टिटवाळ्याच्या गणपतीला बोललेला नवस त्यांना अचानक आठवला. यांनी विचारलं, सोबतीला पुरुषमाणूस कोण? सासूबाई म्हणाल्या, मी काय कमी आहे? अशा आम्ही तिघी आगगाडीनं टिटवाळ्याला म्हणून निघालो आणि कल्याणलाच उतरलो. देवदर्शन परतीच्या वाटेवर करू म्हणाल्या सासूबाई. ते राहिलं ते राहिलंच.

राधाबाईंचं घर पारनाक्यापाशी. मधल्या काळात त्यांचे यजमानही गेले होते. लाल आलवण नेसलेली, वाळून गेलेली बाई दारात आली, सगुणाबाईंकडे बघितलं आणि आत वळली. आतूनच आवाज आला, "ओटीवर बसायचं तर बस. उंबरा ओलांडू नकोस." आमच्या सासूबाईंनी माझा हात गच्च धरला. सगुणाबाई ओटीवर बसल्या. एवढंच म्हणाल्या की नारायणरावांबद्दल लिहिलंय, तुमची परवानगी असली तरच छापीन. आणि वाचायला लागल्या. आत काही हालचाल नाही. त्या वाचत राहिल्या, तुळस झाली, सागरगोटे झाले, आणि बोरांपाशी आल्यावर दाराआडून राधाबाई म्हणाल्या, "बोरं नव्हेत. चिंचा. बोरांनी खोकायचा तो."

सगुणाबाईंनी तिथेच दौत उघडली आणि बोरं खोडून चिंचा केल्या. मग राधाबाई बोलायला लागल्या. तो कसा चालायचा, पाढे म्हणताना कुठे अडायचा, तापात काय बडबडला. सगुणाबाई लिहून घेत होत्या आणि रडत होत्या. मीही रडत होते, आणि सासूबाई तर नवस फेडावा तशा मनसोक्त रडत होत्या. शेवटी राधाबाई उंबऱ्यापाशी, आतल्या अंगाला येऊन बसल्या. म्हणाल्या, "तू लग्न केलंस म्हणून नव्हता गं राग. तू गेलीस आणि या जगात त्याची आठवण असणारी मी एकटीच उरले. मला वाईट वाटेल म्हणून चौदा वर्षांत कुणी त्याचं नाव घेतलेलं नाही माझ्यापुढे. छाप. बापाच्या नावासकट छाप."

ठाण्याला परतल्यावर सगुणाबाईंनी ती पानं मास्तरांपुढे ठेवली. तेव्हा मला कळलं की गाळा गाळा म्हणणाऱ्या या विद्वान माणसानं ते प्रकरण वाचलंच नव्हतं. पुरुषांचं हे असंच. रविवार होता, त्यांनी झोपाळ्यावर बसून वाचलं. मग म्हणाले, "हा माझ्यापेक्षा चांगला उतरलाय."

"तो गेला," सगुणाबाई म्हणाल्या. "तुम्हाला चांगलं उतरायला अजून वेळ आहे."

मास्तर हसले, आणि मी भिंतीपलीकडे पदर तोंडात कोंबला. मुंबईकरांनी हात वर केलेच, पण मास्तरांनी ठाण्यातल्याच एका लहान छापखान्यात खेटे घातले आणि पुस्तक काढलं, दोन्ही नावांसकट. जुन्या मंडळींनी शिव्या दिल्या, नव्यांनी नाकं मुरडली. आमच्या घरी मी ते सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं, तेही ओटीवर बसून. मला वाचता येतं हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग इतके दिवस पत्रं घेऊन मला उन्हात का पाठवलंस?"

पुढच्या वर्षी राधाबाई गेल्याचा निरोप सकाळी कल्याणहून आला. पुतणे दूरच्या गावी, अग्नी द्यायला घरचं कुणी नाही. सगुणाबाई निघाल्या, त्यांच्यासोबत मी. मास्तर शाळेत गेले होते, त्यांना निरोप धाडला. आम्ही पोचलो, शेजाऱ्यांनी तयारी केली होती, भटजी खोळंबले होते, आणि तेवढ्यात घामाघूम झालेले मास्तर अंगणात शिरले. अशा कर्मकांडावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. सभेत त्याविरुद्ध बोलायचे. त्यांनी अंगरखा काढला, विहिरीवर जाऊन अंगावर पाणी घेतलं आणि ओलेत्यानं भटजींपुढे येऊन उभे राहिले. भटजींना मास्तरांची सगळी कुळकथा ठाऊक असावी. त्यांनी वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "आपण मयताचे कोण?"

मास्तरांनी सगुणाबाईंकडे बघितलं नाही. ते सरळ म्हणाले, "मी नारायणाचा भाऊ."

भटजींनी दर्भ पुढे केला. मी सगुणाबाईंना धरून उभी होते. राधाबाईंच्या देहापाशीही न ढळलेल्या त्या बाई माझ्या खांद्यावर कोसळल्या आणि लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या. नंतर म्हणत, दुसरी आवृत्ती निघाली की हे घालणार आहे. ती निघायच्या आधीच त्या गेल्या. त्यांच्या पुस्तकात मास्तर तेवढे नीट उतरायचे राहिले होते, ते मी उतरवले.