नलूचा रेचा पाहायला: अकोला ते अमरावती

नलूचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत बसले होते. "मे महिन्यात रिटायर होऊन राहिली मी. त्याआधी माझा रेचा पाहून जा," म्हणाली. आम्ही दोघी अकोल्याच्या कॉन्व्हेंटमधल्या, एका बाकावरच्या. ती अमरावतीत इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवते, मी पुण्यात नातवंडं सांभाळते. मटार तसेच ठेवले आणि तिकीट काढायला लेकाला सांगितलं.

पुण्याहून रात्रीची गाडी धरली की सकाळी अकोला. डिसेंबरात जाणार असाल तर शाल हाताशी ठेवा, वऱ्हाडातली पहाट बोचते. मी मुद्दाम अर्धा दिवस अकोल्यात काढला. शाळेचं फाटक तेच आहे, पण पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. बाहेरूनच प्रयोगशाळेची खिडकी ओळखली. तिथलं कपाट कायम कुलपात असे. विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टर पाण्याच्या पंपाचं चित्र फळ्यावर इतकं सुरेख काढायच्या की आम्हाला पाठ झालं होतं. खरा पंप मात्र आम्ही कधी हातात घेतला नाही. तरी त्या फळ्याची, खडूच्या वासाची आठवण येऊन मी फाटकाशी उगाच रेंगाळले. वेडेपणाच, दुसरं काय.

अकोल्याहून अमरावतीला एसटीने दोन-अडीच तास लागतात. रस्ता आता उत्तम आहे. माझ्या लहानपणी कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि दुतर्फा बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले असायचे. आता टेम्पो धावतात. बाभळी कमी झाल्यात, पण जिथे आहेत तिथे पुंजके अजून दिसतात. मूर्तिजापूरला बस चहापुरती थांबली. शकुंतलेचे, म्हणजे इथल्या जुन्या छोट्या आगगाडीचे, अरुंद रूळ गवतात बुडाले होते. वडिलांच्या मांडीवर बसून केलेला तो हळूहळू प्रवास आठवत मी चहा गार केला.

रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचं हातयंत्र. लाटण्यासारख्या दोन दांड्या, एक लाकडी, एक बारीक लोखंडी, आणि फिरवायला दांडा. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हा घरोघरी बाया असेच रेचे फिरवायच्या. नलू दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तो काळ सांगते, एक मोडका रेचा मधोमध ठेवते आणि म्हणते, असा एक बनवा. नकाशा नाही, मापं नाहीत. ती स्वतः हात मागे बांधून उभी राहते. मुलं जोडतात, मोडतात, का मोडलं यावर भांडतात.

तिच्यानंतर हा विषय कोणी घ्यायला तयार नव्हतं. शनिवारी मुलांनी बनवलेला रेचा चालताना पाहून विभागप्रमुख ठरवणार होते, विषय ठेवायचा की बंद करायचा.

कापूस नलूच्या वर्गातल्या वैष्णवीने आणला होता, वलगावच्या घरचा, पोतंभर. हसरी, सावळी पोर. तिने दांडा फिरवला, कापूस आत ओढला गेला आणि दांडीभोवती गुंडाळून बसला. पुन्हा साफ केलं, पुन्हा तेच. मुलांनी पाचरी सैल केल्या, दांड्या तपासल्या. विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिलं.

मला माहीत होतं, नलूच्या कपाटात कोरड्या कापसाची एक पिशवी आहे. आदल्या दिवशी तिनेच दाखवली होती. मी डोळ्यांनी कपाटाकडे खुणावलं. तिने मान फिरवली.

शेवटी वैष्णवीने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातला कापूस काढून गालाला लावला आणि तिथेच फोन लावला. वडिलांचा आवाज एवढा मोठा की सगळ्यांना ऐकू येत होता.

"बाबा, कापसावर पानी मारलं का तुमी?"

"मंग? पोतं भरताना दरवर्षी मारतोच ना. वजन भरते."

"हा विकाचा नवता, बाबा."

"मले काय माहीत? आपून कदी फुकट नेला का कापूस कुठी?"

सगळी कार्यशाळा हसली. विभागप्रमुख साहेबही हसले, आणि हसता हसताच म्हणाले की त्या तेजीतही कापूस भिजवून विकायचा इतका बोभाटा झाला होता की सरकारला कायदा करावा लागला. मग नलूकडे वळून म्हणाले, छापील पुस्तिका असती, पहिल्याच पानावर 'कापूस कोरडा घ्यावा' असं असतं, तर सगळ्यांचा वेळ वाचला असता. विषय ठेवू, पण महिनाअखेर प्रत्येक पायरी लिहिलेली पुस्तिका द्या. एवढं बोलून ते गेले.

दुपारभर कापूस मैदानात ताडपत्रीवर वाळला. आम्ही गिल्लावडे, म्हणजे इथले दहीवडे, खाल्ले. अमरावतीला जाऊन ते न खाता येऊ नका, वर दही भरपूर घ्या. ऊन कलताना रेचा पुन्हा फिरला. एका बाजूला सरकी टपटप पडायला लागली, दुसरीकडून रुई आली, सायीसारखी. वैष्णवी दांडा कोणाला देईना.

बडनेऱ्याला गाडीत बसवायला नलू आली तेव्हा मी तिला बोललेच. ती पिशवी काढली असतीस तर पुस्तिकेचं लचांड मागे लागलं नसतं.

"काढली असती तर पोरीले काय समजलं असतं? रेचा चालते, एवढंच. ते तर तिले आधीच माहीत होतं."

घरी येऊन महिना झाला. येताना आणलेली मूठभर रुई देवघरातल्या वातींसाठी ठेवली होती, पण वळायला हात होत नाही. काल फोनवर पुस्तिकेचं विचारलं. झाली, देऊन आले, म्हणाली नलू. पहिल्या पानावर एक ओळ छापलीय: कापूस हातात घेऊन पाहा. पुढची सगळी पानं कोरी.

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणे, मॅडम, हे काय आहे? म्हटलं, बाकीचं पोरं लिहितीन."

साहेबांची मंजुरीची सही अजून झालेली नाही. पुस्तिका परतही आलेली नाही.