सोसनाची सोयरीक

माझ्या बहिणीची, यमुनेची, सोयरीक एका फुलझाडानं मोडत आणली होती, असं घरात आजही सांगतात. साफ खोटं आहे. मोडत आणली ती मी. झाडाचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

मी तेव्हा बीडच्या तहसिलीत कारकून होतो. दिवसभर उर्दूत नकला उतरवायच्या आणि संध्याकाळी परसात सोसन जोपासायचं, एवढाच माझा संसार. सोसन म्हणजे जाड गड्ड्यावर (आमच्या बोलीत बुडख्यावर) वाढणारं, लांब पात्यांचं फुलझाड. आमच्याकडे ते बहुधा कबरस्तानातच दिसे (आईच्या मते ते तिथंच बरं होतं). मला आणि अत्तरवाल्या करीमचाचांना त्याचं वेड लागलेलं. पांढऱ्याचा आणि जांभळ्याचा मेळ घालून कोणी न पाहिलेला रंग काढायचा, असा आमचा बेत होता. ज्या झाडावर बी धरायचं ती नवरी आणि ज्याचा पराग घ्यायचा तो नवरदेव, अशी आमची आपसातली बोली. नवरी माझ्याकडे होती. नवरदेव मात्र पसंत पडेना. कोणाचा बुटका, कोणाचा फिका. शेवटी उमापूरच्या एका पाटलांकडे गडद जांभळा सापडला.

"पाटील जुम्मेरात को दुल्हन देखने आते बोले," चाचा म्हणाले. जुम्मेरात म्हणजे गुरुवार.

त्याच सुमारास घरात यमुनेसाठीही स्थळं बघणं चाललं होतं. दोन ठिकाणांहून नकार आलेले, आईनं देव पाण्यात ठेवलेले. तिसरं स्थळ मध्यस्थानं आणलेलं, आणि ती मंडळी रविवारी यायची होती. स्थळ कुठलं, ते मी विचारलं नाही, आणि कोणी मला सांगितलंही नाही. तेही उमापूरचं, तेही पाटलांचंच! (एका गावात इतके पाटील असावेत कशाला?)

गुरुवारी घरात मी एकटाच होतो. मोठा फेटा बांधलेले एक गृहस्थ दारात आले. तहसिलीत काम होतं, म्हणून तीन दिवस आधीच डोकावलो, असं म्हणाले.

"उमापूरचा पाटील मी. नवरी बघाया आलो."

"या, या. नवरदेव आणला का?"

"न्हाई. त्यो घरीच हाय."

"आख्खा कशाला आणायचा? चिमूटभर भुकटी पुडीत बांधून आणली असती तरी भागलं असतं."

पाटील माझ्याकडे बघतच राहिले. माझ्या ज्ञानानं दिपले, असं मला वाटलं. मग त्यांनी, नवरी कशी आहे, असं विचारलं.

"गोरीपान, उंच. अन् लाडाची न्हाई. शेणखतात वाढलीय. भुंगे लई येत्यात, म्हणून डोक्याला फडकं बांधून परसात ठेवतो."

"याआधी कुठं जमलं व्हतं?"

"गेल्या साली दोघांसंगं जमवून पाहिलं. पण काही धरलं न्हाई."

पाटील पाणीही न पिता उठले. मी अनवाणी त्यांच्यामागे धावलो आणि भर गल्लीत ओरडलो, "रागावू नका! गड्डा कापून निम्मी तुमाला देतो!"

घरी येताना वडिलांना ते वाटेतच भेटले, आणि आलेले पाटील यमुनेसाठी होते, हे मला वडिलांकडूनच कळलं. ते मला काय म्हणाले, ते इथे लिहिता येणार नाही. आई रडत बसली आणि यमुना माझ्याशी बोलेनाशी झाली. तेवढ्यात दारात दुसरा फेटा उगवला. उमापूरचे पाटील म्हणताच वडिलांना वाटलं, पहिल्याचा राग निवळला आणि त्यानं भाऊबंद धाडला. त्यांनी पाहुण्यांना मानानं बसवलं आणि आईनं यमुनेला घाईघाईनं नऊवारी नेसवून दुधाचा पेला घेऊन पुढं धाडलं. मी कोपऱ्यातून खुणा करत होतो, पण त्या दिवशी माझ्याकडे बघायला कोणी तयार नव्हतं.

पाहुण्यांनी दूध संपवलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "ही राहू द्या. ती पांढरी दाखवा. जरा उकरून बुडखा बघतो."

वडिलांनी काठी उचलली. पाहुणे पळाले, आणि त्यांनी जपून आणलेली परागाची पुडी अंगणात सांडली.

दुसऱ्या दिवशी बिचारे करीमचाचा स्वतः उमापूरला गेले आणि पहिल्या पाटलांना सारं समजावून आले. पाटील पोट धरून हसले म्हणे. रविवारी त्यांनी यमुनेला रीतसर पाहिलं, पसंत केलं आणि एकच अट घातली: लग्न लागेपर्यंत नवरीच्या भावानं तोंड उघडायचं नाही. मी ती अट इतकी पाळली, की अर्ध्या वऱ्हाडानं मला मुका समजून माझ्या आईजवळ हळहळ व्यक्त केली.

सोसनाला आजवर एक बी धरलं नाही. यमुनेला मात्र वर्षाच्या आत मुलगा झाला. बारशाला उमापूरची सगळी मंडळी जमलेली. मामा म्हणून त्यांनी बाळ मोठ्या कौतुकानं माझ्या मांडीवर दिलं. मी त्याला उजेडात धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणालो, "रंग नवरदेवाचा उतरलाय. पण बुडखा आमचा हाय!"

ती अट त्याच दिवशी पुन्हा लागू झाली, आणि या वेळी तिला मुदत नाही.