टेकडी लाल, नदीकाठ हिरवा

वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये तिला सगळे धास्तीताई म्हणायचे, आणि नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. गॅस बंद केला का हे बघायला ती अर्ध्या जिन्यातून परत फिरायची, कुलूप लावल्यावर ते ओढून बघायची, आणि ओढून बघितलं होतं की नाही याची काळजी ऑफिसात बसून करायची. "हिला काळजी करायला काही उरलं नाही तर त्याचीच काळजी लागेल," असं नवरा म्हणायचा. पण पहाऱ्याला अशीच माणसं लागतात. निर्धास्त माणसाला दारात बसवून करायचं काय?

तिचा पहारा निरोपांवर होता. शहरातल्या सबस्टेशनांत आता माणूस बसत नाही. पूर्वी तिथे कुणीतरी दांडा ओढून लाइन बंद करायचा आणि वर कुलूप घालायचा. आता इथून निरोप जातो आणि ब्रेकर, म्हणजे लाइनचा मोठा खटका, चालू-बंद होतो. निरोप म्हटला की खोटा निरोपही आलाच. म्हणून या निरोपांचे सगळे रस्ते एकाच सॉफ्टवेअरच्या हाती दिले होते. कुणी कुठल्या वाटेने जायचं, कुणाला दारातच अडवायचं, हे एका जागी बसून ठरवता यायचं. त्याच्या जोडीला एक राखणदार प्रोग्रॅम होता. त्याला आधी रोजची ये-जा शिकवायची, मग त्याहून वेगळं काही दिसलं की तो त्या सबस्टेशनला पडद्यावर लाल करायचा. हे शिकवण्याचं काम धास्तीताईनेच केलं होतं. 'ही आपली रोजची ये-जा, यात परकं कुणी नाही,' असा भरवसाही तिनेच दिला होता.

त्या सकाळी टेकडीवरचं सबस्टेशन लाल झालं.

"टेकडीचे निरोप तोडा," साहेब म्हणाले. "तिथला भार नदीकाठच्या सबस्टेशनवर टाका." नियम तोच होता. शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर कीबोर्डवर बोटं ठेवून तयारच होता.

"थांबा हो. काय वेगळं दिसलंय ते तरी बघू."

"ताई, घर पेटल्यावर काडी कुणी ओढली ते शोधत बसतात का?" इंजिनिअर म्हणाला.

ती ऐकेना. टेकडीहून येणारे निरोप उघडून ती जास्तीचं काही शोधू लागली. जास्तीचं काहीच नव्हतं. उलट एक गोष्ट कमी होती. बाकीच्या सगळ्या सबस्टेशनांतून अधूनमधून एक बारीकसा निरोप एका जुन्या, कुणीच वापरत नसलेल्या पत्त्यावर जात होता. टेकडीवरून तो कालपासून बंद झाला होता. काल तिथला निरोप पुढे पाठवणारा जळका स्विच काढून कोरा करकरीत बसवला होता.

कोरा स्विच असली कुजबुज करत नाही. जुने सगळे करतात. मग ही कुजबुज आपली नाहीच! ती राखणदाराला शिकवत होती तेव्हा चोर आधीच घरात येऊन बसला होता, आणि तिने घरच्या माणसांबरोबर त्याचीही ओळख करून दिली होती. आता चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

"टेकडीच स्वच्छ आहे," ती कशीबशी म्हणाली. "घाण बाकी सगळीकडे आहे. माझं शिकवणंच चुकलं."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमचा भाऊ आज नदीकाठच्या लाइनवर आहे ना? म्हणून तुम्हाला तिथे भूत दिसतंय."

हे काही खोटं नव्हतं. धाकटा भाऊ लाइनमन होता. त्याची लाइन सकाळी इथूनच एका निरोपाने बंद केली होती, आणि तसल्याच एका निरोपाने ती चालू होणार होती. तिने त्याच्या मुकादमाला फोन लावला.

"तो वर चढलाय," मुकादम म्हणाला. "अर्थिंग लावायला."

"लावलं?"

"लावतोय." म्हणजे चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणारी तार अजून लागली नव्हती.

"खाली उतरवा त्याला."

"परत? मागे ढग बघून उतरवायला लावलंत, ताई."

"उतरवा म्हणते ना!"

ती एवढ्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. इंजिनिअरने साहेबांकडे बघितलं. साहेब हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. तिने नदीकाठच्या दारावर नियम टाकला: ब्रेकरपर्यंत कुणाचाच निरोप जाणार नाही, आपलासुद्धा. तिथे आता काही बिघडलं असतं तर इस्पितळ आणि पाण्याचे पंप अंधारात गेले असते, आणि कुणीतरी गाडी काढून जाईपर्यंत तसेच राहिले असते. नोकरी गेली असती ती वेगळीच.

आणि काहीच झालं नाही. नदीकाठ आपला हिरवाच. चहावर साय धरली. आपण खरंच वेड्या आहोत की काय, असं तिला वाटू लागलं, आणि वेडं असणंच बरं, असंही वाटलं.

"पुरे झालं," साहेब म्हणाले. "काढा तो नियम."

"अहो, हे बघा," इंजिनिअर मध्येच म्हणाला.

नदीकाठच्या दारात एक निरोप आला होता: ब्रेकर चालू करा. खोलीतल्या कुणीही तो पाठवला नव्हता. तो नियमाला अडला आणि तिथेच पडून राहिला. ब्रेकर चालू करायचे निरोप रोजच जातात, म्हणून राखणदाराला त्यात काही वावगं दिसलं नाही. पडद्यावर नदीकाठ हिरवा तो हिरवाच. "नियम राहू द्या," साहेब म्हणाले.

तेवढ्यात भावाचा फोन आला. "काय ताई, आज काय दिसलं? झुरळ?"

तिने एका दमात सगळं सांगितलं. तिला रडू यायला लागलं होतं. तो जमिनीवर होता, बोलत होता, यापलीकडे तिला काही नको होतं.

"ताई," तो म्हणाला, "आज बाकीच्या लाइनींवरही माणसं चढलीत. त्यांना उतरवलंस ना?"

तिने उतरवलं नव्हतं. घाण सगळीकडे आहे, हे तिच्याच तोंडचे शब्द होते, आणि दार मात्र तिने एकच लावलं होतं.

"सगळी दारं लावा!" ती इंजिनिअरवर ओरडली आणि दुसरा फोन उचलला. बोट आकड्यांवर तसंच थांबलं. तिला पाठ होता तो फक्त भावाच्या मुकादमाचा नंबर.