बयाबाईचे चार खाडे

देवाच्या दारात खाडा पडतो का हो? लगेच ‘छे छे’ म्हणून मान हलवू नका. आधी बयाबाईचं ऐका, मग काय ते बोला.

आंबेनळी घाटाच्या खालच्या अंगाला एका वाडीवर ती राहते. पंधरा वर्षं रस्त्याच्या कामावर डांबराच्या पिंपाशी राबली. तिथला कायदा एकच. मुकादमानं नावापुढं फुली मारली की खाडा. एक खाडा, त्या दिवसाचा रोज गेला. लागोपाठ तीन खाडे, बाई कामावरून गेली. ताप असो, घरात मयत असो, मुकादम कारण विचारत नाही. हा कायदा तिच्या हाडात मुरला होता.

दोन वर्षांमागं उकळतं डांबर पायावर सांडलं. महाडच्या विनोदिनीबाई, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, त्यांनी महिनाभर तो पाय स्वतःच्या हातानं धुतला. “कुणासाठी करता बाई एवढं?” असं बयाबाईनं विचारलं आणि उत्तरात येशूचं नाव पहिल्यांदा नीट ऐकलं. पाय बरा झाला तशी ती दर रविवारी बाईंच्या ओसरीवरच्या सभेला जाऊ लागली. पहाटे डोंगर उतरायचा, मिळेल त्या गाडीनं पोलादपूर, पुढं मिनीडोर रिक्षानं महाड. वाडी हसली, जावेनं बोलणं टाकलं. ही बधली नाही.

मग गेल्या माघात नवऱ्याला, भागोजीला, लकवा मारला. अर्धं अंग गेलं. त्याला एकट्याला टाकून यायचं कसं? चार रविवार गेले. पाचव्या रविवारी जाऊबाई मैना कशीबशी बसायला तयार झाली आणि बयाबाई धापा टाकत सभेला पोचली. सभा चालवणारा आमोद, शाळामास्तर, मनाचा वाईट नाही. पण मास्तरकी घरी ठेवून येईल तर शपथ! हजेरीची वही उघडून सगळ्यांदेखत म्हणाला, “काय बयाबाई, चार खाडे?”

सगळे हसले. तीही हसली.

घरी आली तर भागोजीची वाचा गेलेली. सकाळी ‘पाणी’ म्हणणारा माणूस नुसता घशातून आवाज काढत होता. मैना दारातच म्हणाली, “काय गो, तुझ्या येशूला घाट चढताना दम लागतो काय?”

बयाबाई आत जाऊन भागोजीच्या उशाशी बसली. तिच्या डोक्यात हिशेब लागला होता. चार खाडे झाले, वरच्या मुकादमानं रोज म्हणून भागोजीची वाचा कापली, कामावरूनही काढलं. त्या दिवसापासून तिनं प्रार्थना सोडली. कामावरून काढलेला माणूस मुकादमाला हाक मारतो होय?

दीड महिन्यानं विनोदिनीबाई काठी टेकत वर चढून आल्या. बयाबाईनं पाण्याचा तांब्या दिला आणि उभ्या उभ्याच विचारलं, “बाई, माझं नाव काटलं काय?”

“कुणी काटलं?”

“त्यानंच. वर बसलाय त्यानं. चार खाडं झालं नाय का माझं?”

बाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा त्या उंबऱ्यावर बसल्या. “अगो, खाडा रोजावरच्या माणसाला पडतो. लेक चार महिने माहेरी आली नाही तर आई खाडा लावते का? वाट बघते. त्यानं तुला मजुरीला नाही गं ठेवलेलं, लेक म्हणून घेतलंय.”

“मंग ह्याचं त्वांड का बंद केलं?” बयाबाई किंचाळली. “लेकीच्या दादल्याला असं करतात? सांगा की!”

“मला माहीत नाही, बया,” बाई म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं नाही, एवढं त्यांच्या पदरात घाला. त्यांनी भागोजीची मान उचलून धरली, ठसका न लागता पेज कशी भरवायची ते दाखवलं आणि उन्हं कलायच्या आत काठी टेकत निघाल्या.

त्या गेल्यावर बयाबाई चुलीपुढं बसली. हात जोडायला गेली तर जोडवेनात. “लेक म्हनतोस,” ती राखेकडं बघत म्हणाली, “तर ये की एकदा बघायला.” एवढंच. दीड महिन्यानं एवढंच.

पुढच्या रविवारी तिनं लुगडं बदललं. मैना साफ नाही म्हणाली. भागोजीच्या उशाला पाणी ठेवून ती एकटीच रस्त्यापर्यंत उतरली. गाडी आली, थांबली, हॉर्न वाजवला. वर घरात तो गुदमरला तर? ती चढली नाही. दुसरी आली, तीही सोडली. मग उलट्या पावली डोंगर चढली. आणि त्याच वेळी महाडच्या ओसरीवर, तिच्या खाड्यांवर हसलेले तुम्ही सगळे बायबलातल्या ‘धीरानं धाव’ यावर प्रवचन ऐकत होतात. धावायला सांगता, पण तिच्या वाटेतला दगड कोण काढणार?

तेव्हा उपदेश पुरे. हात जोडून सांगणं आहे: येत्या रविवारी तुमच्यातल्या एकानं सभा सोडा, आंबेनळीच्या बाजूची गाडी धरा, त्या वाडीवर चढा आणि ती महाडहून परत येईपर्यंत भागोजीच्या उशाशी बसा. पेज मान उचलून भरवा.