सेतूतली डिग्री

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. बोलणं हे माझं काम आहे हो — लातूरच्या वसतिगृहांतल्या मुलींशी दिवसभर बोलत असते, त्यांच्या पोटातलं अलगद बाहेर काढते — आणि माझ्याच पोटात हे इतकी वर्षं ठाण मांडून बसलंय. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा काल हदगावात जे झालं त्यामुळे असेल.

कालचा दिवस फार आनंदाचा होता, तो आधी सांगते. पल्लवीच्या केंद्राचं उद्घाटन होतं. शाळा सुटलेल्या, लग्न ठरवून बसवलेल्या, घरात कुणापाशी मन मोकळं न करता येणाऱ्या मुलींनी यावं, बसावं, बोलावं अशी जागा. बाजाराच्या रस्त्यावर, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पाटीवर तिचं नाव आणि नावापुढे समाजकार्यातली पदवी. आतल्या खुर्च्या पुरेनात, तेव्हा बायका जिन्यावर बसल्या. प्रमुख पाहुणी मी! शाल-श्रीफळ, हार, फोटो. मी मिरवले. खोटं कशाला सांगू, भरपूर मिरवले.

पण पल्लवी कोण, मी कोण, हे सांगायला हवं ना? बघा, मी लांबून लांबूनच फिरतेय.

मी निलंगा तालुक्यातली. भूकंप झाला तेव्हा पाचवीत होते. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही, फक्त भिंती गेल्या. पण पत्र्याच्या शेडमध्ये राहायला सगळेच होतो. मदतीच्या गाड्या यायच्या, कपडे टाकायच्या, निघून जायच्या. एक बाई मात्र राहिली. आम्ही तिला ताई म्हणायचो. ती कपडे, धान्य असलं काहीच वाटप करायची नाही. नुसती बसायची आणि बायकांना विचारायची — तुम्हाला काय पाहिजे? माझ्या आईला हा प्रश्न तोपर्यंत कुणी विचारलाच नव्हता. आई काय म्हणाली ते आठवत नाही, पण खूप वेळ बोलत होती एवढं आठवतं. मला ती बाई व्हायचं होतं.

झाले काय? बी.एस्सी. झाले, लग्न होऊन लातूरला आले आणि एका कोचिंग क्लासमध्ये काउन्सेलर झाले. नाव कसं छान आहे, नाही? काम असं — गावाकडून आई-बाप मुलांना घेऊन यायचे, बावरलेले, त्यांना डॉक्टरकीचं स्वप्न दाखवायचं आणि बाकडं भरायचं. मी पटाईत होते त्यात. नीटच्या परीक्षेत आपटलेल्या मुलाला रिपीटर म्हणून पुन्हा त्याच बाकड्यावर बसवायला तर क्लासचे मालक, आमचे सर, मुद्दाम माझ्याकडेच पाठवायचे.

आणि त्याच खुर्चीत बसून मी चोरून समाजकार्याची वरची पदवी करत होते. ऑनलाइन. उगाच नव्हती निवडली. मान्यता खरी आहे का ते पाहिलं. ही पदवी नोकरीला चालते का, हे संस्थांमध्ये जाऊन विचारलं. पडद्यावरच्या तासांबरोबर प्रत्यक्ष क्षेत्रकार्य करायला लावतात की नाही, हेही तपासलं — माणसांत न जाता समाजकार्य कुणाला आलंय? नोकरी, लेकरं, सासूबाईंची शुगर, हे सगळं सांभाळून मला दुसरा रस्ताच नव्हता. रविवारी क्षेत्रकार्याला जायचे आणि घरी सांगायचे, क्लासची जादा ड्युटी आहे. क्लासमध्ये ओढणीआडून एका कानात इयरफोन घालून व्याख्यानं ऐकायचे. काय भारी वाटायचं म्हणून सांगू!

मग चोरून कशाला? क्लासची काउन्सेलरच दुसरा रस्ता शोधतेय, हे एका पालकाला जरी कळलं असतं तरी गावभर झालं असतं. सरांनी मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. भीती होती, दुसरं काही नाही.

आता त्या शब्दाकडे येते. ऑनलाइन. ही लॉकडाऊनच्या आधीची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे खेड्यात कुणी ‘ऑनलाइन केलं का?’ असं विचारलं, तर त्याचा अर्थ एकच — सेतू केंद्रात जाऊन आलात का? उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविमा, काहीही असो. आधार कार्ड घेऊन सेतूत जायचं, तिथला माणूस बटणं दाबतो, मशीनमधून कागद बाहेर येतो. झालं ऑनलाइन. शिकण्या-शिकवण्याचा त्या शब्दाशी काही संबंधच नव्हता.

आणि माझ्यासमोर व्यंकटराव येऊन बसले. पल्लवीचे वडील. हदगावकडचे, कापूस-सोयाबीन करणारे, खाऊन-पिऊन सुखी. पल्लवी आमच्याच क्लासची; दोनदा नीट देऊन झालेली. पण वसतिगृहात कुणी रडायला लागलं की मुली तिलाच हाक मारायच्या, आणि हिला त्यातच सूर सापडला होता. समाजकार्याची ऑनलाइन पदवी तिने स्वतः शोधून काढली होती. मी जिथून करत होते तिथलीच — तिची पहिली, माझी वरची. घरी स्पष्ट सांगून बसली होती, मला हेच करायचंय. व्यंकटराव तिच्यावर ओरडले नाहीत. ते उठून लातूरला आले, जाणकार माणसाला विचारायला. जाणकार माणूस म्हणजे मी.

टोपी मांडीवर ठेवून त्यांनी विचारलं, “मॅडम, पोरगी ऑनलाइन डिग्री करतो म्हणून राहिली, समाजसेवेची. ऑनलाइन म्हंजी सातबाऱ्यावानी, सेतूत काढून देत्यात तशी का? का खरंच शिकावं लागतंय? शिकावं लागत आसंल तर माझी ना न्हाई.”

किती सरळ प्रश्न होता! शिकलेसवरलेले पालक यायचे माझ्यापुढे, एकानेही कधी इतकं नेमकं विचारलं नव्हतं. आणि या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या लातुरात माझ्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? काचेपलीकडे सर फेऱ्या मारत होते. वडिलांच्या शेजारी बसलेली पल्लवी माझ्याकडे बघत होती — मोठ्या आशेने, असं मला तेव्हा वाटलं.

मी म्हणाले, “हाव, तसंच समजा.”

बस. एवढंच. खोटंसुद्धा धड बोलले नाही — ‘समजा’ म्हणाले! म्हणजे उद्या अंगावर आलं तर ‘मी कुठे तसं म्हणाले?’ असं म्हणायला मोकळी. व्यंकटरावांचा चेहरा निवळला. मग कागदाची डिग्री घेऊन काय करायचं, म्हणाले, आणि पल्लवी पुन्हा रिपीटरच्या बॅचमध्ये बसली. त्या दिवशी उठताना तिने फक्त एकदा माझ्या टेबलाकडे पाहिलं होतं. सरांनी मला शाबासकी दिली, आणि मी ती घेतली.

ते वर्ष तिला कसं गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. केस गळाले. जेवण तुटलं. चाचणी असली की सकाळपासून उलट्या. एकदा जिन्यात एकटीच बसलेली दिसली. मी काय केलं असेल? समाजकार्य शिकणारी बाई मी — मागच्या जिन्याने खाली उतरले.

पुढे तर गंमतच. ते वर्ष संपायच्या आत लॉकडाऊन लागला आणि आमचा क्लासच ऑनलाइन झाला. आता पालकांना फोन करून मीच पटवत होते, ऑनलाइन म्हणजे अगदी समोर बसून शिकल्यासारखं! व्यंकटरावांनाही मीच फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘बरं बरं’ म्हणाले.

तिसऱ्यांदाही नीट हुकली. त्यानंतर पल्लवीने घरात बसून वडिलांना फोनवरचे तास दाखवले, शेजारी बसवून एक व्याख्यान ऐकवलं, आणि हवी होती तीच पदवी घेतली. मग वरचीही घेतली. आमच्याकडे माझ्या पदवीचाही निकाल लागला. सासूबाईंनी, ज्यांच्यापासून मी सगळं लपवलं होतं त्यांनीच, गल्लीत घरोघर पेढे वाटले आणि ‘आमची सून आता खरी काउन्सेलर झाली’ असं ज्याला-त्याला सांगितलं. मी क्लास सोडला. ज्या वसतिगृहांत मुली पाठवायचे, तिथेच त्यांचं ऐकायला जाऊ लागले. सकाळी उठून कामावर जावंसं वाटणं काय असतं, ते मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळलं. नांदेडच्या एका कार्यशाळेत पल्लवी भेटली आणि मॅडम म्हणून गळ्यातच पडली. पुढे तिला लागेल ती मदत मी केली. पण त्या मदतीची भरपाईत गणती करू नका. मीही करत नाही.

आणि काल. हारतुरे झाल्यावर व्यंकटरावांच्या हातात माईक दिला. त्यांना बोलायची सवय नाही, पण काल त्यांचा आनंद मावत नव्हता. म्हणाले, “म्या अडाणी माणूस. ऑनलाइन डिग्री म्हंजी सेतूत निघती, आसं समजून बसलो. लेकीचं एक वरीस म्या खाल्लं. पर तिनं मला उलटून कधी बोललं न्हाई.” लोक खळखळून हसले. पल्लवी उठून त्यांच्या पाया पडली. जिन्यावरच्या कितीतरी बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

परत निघताना पल्लवी मला बसस्टँडवर सोडायला आली. नांदेडची गाडी लागलेली होती. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, “मॅडम, त्या दिवशी तुमचा इयरफोन टेबलावर तसाच पडला होता. आवाज येऊन राहिला होता. ते व्याख्यान मी पदवी शोधताना, नमुना म्हणून ठेवलेलं, आधीच ऐकलेलं होतं. तुम्हीच शिकून राहिल्या म्हणजे डिग्री खरी हाय, हे मला तिथंच कळलं. त्याच्या जोरावर तर ते वर्ष काढलं मी. बाबांना न्हाई सांगितलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. जिंकलेल्या माणसाचा मोकळेपणा होता. गाडी निघाली, ती हात हलवत राहिली, आणि मला तिचा एवढा अभिमान वाटला की खिडकीत बसून मी चक्क हसत होते. वीस वर्षांच्या मुलीने माझं खोटं तिथल्या तिथे ओळखलं, बापासमोर मला उघडं पाडलं नाही, आणि त्या खोट्यातून स्वतःपुरतं खरं काढून घेतलं! काय पोरगी आहे!

वाटेत मनात आलंच, की चला, माझ्यामुळेच तिला खात्री पटली. नाही. खात्री तिची होती. मी दिलं होतं ते उत्तर, आणि ते तिला नाही, तिच्या वडिलांना दिलं होतं.

व्यंकटराव अडाणी नाहीत. त्यांनी विचारलं होतं. लेकीचं ते वर्ष त्यांनी नाही, मी खाल्लं. आणि काल भरल्या सभेत ते स्वतःला अडाणी म्हणवून घेत होते, लोक हसत होते, तेव्हा शाल पांघरून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसले होते — आणि पहिली टाळी मी वाजवली.